मुरबाडच्या व्याह्यांची पाठमोरी चौकशी

जिल्ह्यातल्या तमाम म्हाताऱ्यांचं भलं करायला देवाने जो एकमेव माणूस जन्माला घातला, तो नेमका माझ्या नणंदेचा सासरा निघावा, यापरतं दुर्दैव नाही. दुसरा कुणी असता तर मी चार शब्द सुनावले असते. पण लेकीच्या सासऱ्याचा मान काय असतो हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ते दारात दिसले की माझ्या डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या आणि तोंडाला कुलूप. घरात सगळे त्यांना ‘मुरबाडचे व्याही’ म्हणत, मी तोंडावर ‘आबा’ म्हणे. भातसानगरला धरणावर नोकरी करून निवृत्त झाले आणि मग हा उद्योग आरंभला. कमोडची खुर्ची कुणाच्या माळ्यावर पडून आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दाढी करायला कोणता न्हावी घरी येतो, डोळ्यांचं शिबिर कुठल्या शाळेत भरणार, सगळं त्यांना तोंडपाठ. मात्र नुसता पत्ता सांगतील तर शपथ. विचारणाऱ्याला हाताला धरून नेणार, वाटेत तीन घरी चहा घेणार आणि तिथे आणखी एखादी म्हातारी हुडकून काढणार. एकदा आमच्याकडे बाराला जेवायला यायचे होते, ते साडेचारला उगवले. एसटीच्या कंडक्टरच्या आईला चार पायांची काठी मिळवून देण्यात दुपार गेली होती. “गाडी तशीपण बंद पडलेली,” म्हणाले, “कंडक्टर मोकळाच होता.” मी तिसऱ्यांदा आमटी गरम केली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सासूबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी शहापूरला शाळेत शिक्षिका, नवरा पहाटे आसनगावहून गाडी पकडणारा. माझी रजा संपत आलेली. दिवसा त्यांच्याजवळ थांबायला कुणी मिळालं नाही तर मी नोकरी सोडायची, असं घरात मला न विचारताच ठरून गेलं होतं. तेव्हा व्याही धावून आले. पण बाई शोधायच्या आधी म्हणे विहीणबाईंना विचारायला हवं. आता सासूबाई व्याह्यांसमोर उघड्या डोक्याने कधी बसलेल्या नाहीत. ते खोलीत आले की त्या डाव्या हाताने पदर ओढायला धडपडायच्या. हे पाहून व्याही खाटेकडे पाठ करून बसू लागले आणि चौकशी तशीच पाठमोरी चालवली. सासूबाई उत्तर देणार मान हलवून, हे बघणार भिंतीवरचं कॅलेंडर, आणि मी मधे दुभाषी.

“विहीणबाई, बाई वयानं मोठी पायजे का लहान?”

“मान हलवली,” मी सांगितलं.

“कशी? वर-खाली का आडवी?”

“आबा, दोन गोष्टी एकदम विचारल्यात तर कशी हलवतील?”

“बरं, परत विचारतो. टाइम हाय आपल्याकडं.”

माझ्याकडे आठ दिवस होते.

कल्याणहून त्यांनी पांढऱ्या गणवेशातली, शिकलेली बाई आणली. मला ती पाहताक्षणी आवडली. सासूबाईंनी मान आडवी हलवली, चांगली तीनदा. भिंतीकडून प्रश्न आला, “काय म्हणतात?” मी म्हटलं, “हो म्हणतात.” बाई कामाला लागली. सासूबाईंनी दोन दिवस तिच्या हातचा घास घेतला नाही, तिसऱ्या दिवशी ती निघून गेली. व्याही आले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. स्टीलचा एक चमचा मागितला आणि विहीणबाईंच्या डाव्या हातात द्यायला लावला. “हो असंल तर खाटेवर एकदा वाजवा, नाय असंल तर दोनदा.” मग भिंतीकडे बघतच मला म्हणाले, “तुमाला आधीच व्याप भरपूर, बाई. हे काम तुमाला नको.” लाजेने मला तिथे उभं राहवेना.

रजेच्या शेवटच्या दिवशी ते जिला घेऊन आले, ती स्वतःच काठी टेकत आली. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यातली म्हातारी, लेकाकडे शहापुरात राहायला आलेली, सासूबाईंपेक्षा दोन पावसाळे जास्तच पाहिलेली. व्याह्यांसमोर माझा आवाज पहिल्यांदा चढला. “आबा, हिलाच सांभाळायला बाई लागेल!”

“उचलायला शेजारची सून येल सकाळ-दुपार, मी बोललोय तिला. उचलायला कोणपण मिळतं, बाई. बसायला नाय मिळत.”

म्हातारीने सासूबाईंना न्याहाळलं. “काय गो, कवापासून पडलीस अशी? सरक जरा, मला बसू दे.” चमचा खाटेवर एकदाच वाजला, पण असा की शेजारी ऐकू गेला असेल.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. सासूबाई पुढे चार वर्षं जगल्या. मी घरी येई तेव्हा एक म्हातारी बडबडत असे, दुसरी चमचा वाजवत असे. व्याही दर पंधरवड्याला येत, जेवायला उशीर करत, आणि मी मनातल्या मनात चिडत राही.

पुढे काही वर्षांनी तेही गेले. दहाव्याला मी मुरबाडला गेले होते. नणंद हातात चहाचा कप देत म्हणाली, “वहिनी, मामंजींना माहीत होतं हां, तुला ते आवडायचे नाय ते. म्हणायचे, चिडते ना, चिडू दे. नोकरी सुटली असती तर गप झाली असती. चिडते म्हंजे बरी हाय.”

व्याह्यांशी भांडता येत नाही, हे ठीक. पण त्यांचे आभार मानायला मला कुणी अडवलं होतं? इतक्या वर्षांत एकदाही ते शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. “आवडायचे गं,” मी म्हटलं, “फार आवडायचे.” तोवर नणंद दुसऱ्यांना चहा द्यायला उठून गेली होती.