उष्टी हळद

हरणाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जात्यावर बसली होती आणि खरोखर दळत होती. हे मुद्दाम सांगतो, कारण तिथं कुणी खरं दळावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

साल चौऱ्याहत्तर. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं होणार म्हणून एका संस्थेनं सांगलीबाहेर, मिरजेच्या रस्त्याला, माळावर 'जुनं गाव' उभारलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं. कुडाची घरं, चावडी, तेलाचा घाणा, कुंभाराचं चाक. लोक तिकीट काढून यायचे आणि शिवकाळातली माणसं कशी राहायची ते बघायचे. ती माणसं म्हणजे आम्ही. घड्याळ घालायचं नाही, रबरी चप्पल घालायची नाही. मी जात्यांना टाकी लावणारा. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं तो पुन्हा खरबरीत करायचा, हे माझं काम. मला पागोटं बांधून हरणाच्या जात्याशेजारीच बसवलं होतं.

सगळा कारभार नानासोंकडे होता. एरवी ते शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी हरणाला सांगितलं, "पाहुणे आले की नुसता खुंटा फिरवायचा. दमायचं कारण नाही."

"आन् पीठ कुठनं पडायचं?" हरणा म्हणाली.

ती सोळा वर्षांची होती. बाप गुंडा हळदीच्या पेठेत हमाल. जमिनीखालच्या पेवांत उतरून हळदीची पोती भरायचा. संध्याकाळी घरी जाताना त्याच्या पापण्यासुद्धा पिवळ्या असायच्या. पोरगी कामाला त्याच्यासारखीच होती. घास बेताचा घालायची, हात बदलायची, पण लय मोडायची नाही. असं दळणारी पोर मी फार पाहिली नाही.

समोरच्या छपरात घोंगडी विणायचं काम चालायचं. तिथं माणकडचा एक धनगर आणला होता आणि त्याच्याबरोबर त्याचा पुतण्या केरबा. केरबा अठरा-एकोणीसचा, उंच, हसरा आणि कामचुकार. लोकर पिंजायला बसला की निम्मा वेळ समोर बघत बसायचा. लोकरीच्या ढिगात त्यानं ट्रान्झिस्टर लपवला होता. एकदा कुणी मोठे पाहुणे घोंगडं हातात घेऊन बघत असताना ढिगातून कामगारांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला. नानासोंचा चेहरा बघण्यासारखा झाला. हरणा खुंटा सोडून पदरात तोंड घालून हसली. तेवढं एकदाच तिला दळण अर्धं टाकताना पाहिलं.

मग माझ्या लक्षात आलं की तिच्या जात्याला लावलेली टाकी टिकत नाही. जोंधळ्यानं दगड इतक्या लवकर बोथट होत नाही. एक दिवस मी वरची तळी उचलली. आत तपकिरी कूट.

"ह्ये काय गं?"

"चिंचोकं."

घोंगड्याच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात. ते कुटायचं काम केरबाचं होतं. ते तो हिच्याकडून करून घेत होता.

"दगडाचं वाटुळं केलंस. त्याला हात न्हाईत व्हय?"

"हाईत की मामा," केरबा समोरून ओरडला. "पर हिच्या हातचं कूट लय चिकाट पडतं. घोंगडं फाटंल, खळ सुटायची न्हाई!"

"तुजं त्वांड बी त्याच खळीनं चिकटवायला पायजे," हरणा म्हणाली.

मी पुन्हा टाकी लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंचोके. मी बोलायचं सोडून दिलं.

मे महिन्यात ऊन वाढलं, लोक यायचे कमी झाले. तेव्हा नानासोंनी दर रविवारी शिवकाळातलं लग्न दाखवायचं ठरवलं. नवरी हरणा, नवरा केरबा. गुंडाला विचारायला बोलावलं. तो येऊन उकिडवा बसला. मग म्हणाला, "अंतरपाट ओढायचा न्हाई. अक्षतांच्या जागी कोरडं जोंधळं टाका. आन् अंगाला हळद लागता कामा न्हाई."

"अहो, नाटक आहे ते."

"आवं, नाटकात तलवार लाकडाची असती. हळद लाकडाची असती व्हय?"

त्याचं म्हणणं आम्हा सगळ्यांना कळत होतं. मुलीला लग्नाची हळद एकदाच लागते. लागली की ती कुवारी राहत नाही. पुढं नवरा मेला काय आणि लग्न मोडलं काय, दुसऱ्यांदा हळद नाही. मग तिचा पाट लावतात, दिवस मावळल्यावर, वाजंत्रीशिवाय. नानासोंनी कबूल केलं. हळदीच्या जागी भिंतीला लावायची पिवडी कालवायची ठरली. पिवडी म्हणजे पिवळी माती. धुतली की गेली.

पहिले रविवार झकास झाले. रीत अशी की हळद आधी नवऱ्याला लावायची आणि त्याची उरलेली, उष्टी हळद नवरीकडं न्यायची. बायका गाणी म्हणायच्या, आमच्या खेळात अंतरपाट हळदीपासूनच धरलेला असायचा, त्यामागं दोघं एकमेकांना चिडवायची. लोकांना ते फार आवडायचं. मला आवडायचं नाही. ती दोघं खेळत नव्हती, हे मी जवळ बसून बघत होतो. केरबा धनगराचा, हरणा मराठ्याची. गुंडा आपखुशीनं हो म्हणेल असं नव्हतं. शिवाय तिला बघायला कराडकडचे लोक येणार होते.

शेवटच्या रविवारी हरणानं पिवडीची वाटी रिकामी केली आणि घरून आणलेली हळद तीत कालवली. बापाच्या धोतराच्या सोग्यातून झाडलेली. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिचा हिशेब सरळ होता. खरी हळद एकदा लागली की बाप दुसरीकडं देऊच शकणार नाही, केरबालाच द्यावं लागेल.

बायकांनी केरबाला हळद लावली. अंतरपाटाच्या पलीकडून हरणा हळूच म्हणाली, "वास घे." ते मी ऐकलं. केरबा हसला आणि मान हलवली. मग उष्टी हळद तिच्याकडं आली. तिनं दोन्ही हात पुढं केले.

संध्याकाळी गुंडा तिला न्यायला आला. हौदावर ती तोंड धूत होती आणि पिवळेपणा जात नव्हता. जन्मभर हळदीत राबलेल्या माणसाला काही सांगावं लागलं नाही. तरी त्यानं खात्री करून घेतली. चंचीतला चुना बोटावर घेतला आणि तिच्या दंडावर चोळला. पिवडीला चुना लागला तर काही होत नाही. हळद लाल होते. तिचा दंड कुंकवासारखा लाल झाला.

त्यानं तिला मारलं नाही. तो खाली बसला.

तिची आई राहीबाई मागून आली होती. तिनं दंड बघितला आणि म्हणाली, "आता दुसरं काय करनार? त्यालाच द्या."

गुंडा उठून घोंगड्याच्या छपरात गेला. तो भांडायला गेला की द्यायला गेला, ते त्यानं पुढं कधी सांगितलं नाही. केरबाचा चुलता माग सोडवून गुंडाळत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि हातातलं काम न थांबवता म्हणाला, "पाव्हणं, आमच्यात बाशिंग बांधल्याबिगर लगीन न्हाई. त्याच्या डोस्क्याला पुठ्ठा हुता. पोरगं कुवारंच हाय. तुमच्या पोरीचं तुमी बघा."

"त्याला बोलवा. त्याच्या तोंडनं ऐकतो."

"त्यो मोटारीवर गेलाय, बोचकी टाकाय."

ते खरं होतं. छपरात काय बोलणं झालं याचा केरबाला तेव्हा पत्ता नव्हता. पहाटे चुलता-पुतण्या निघून गेले. हरणा दिवस उगवायला आली तेव्हा छपरात लोकरीचे पुंजके तेवढे होते. तरी ती जात्यावर बसली. "यील त्यो," मला म्हणाली. "त्याला ठावं हाय."

हौदावर बायकांनी लाल दंड बघितला होता, गोष्ट पेठेत पसरली. कराडचे लोक आलेच नाहीत. हरणानं बापाला सांगितलं, दिवाळीपर्यंत थांबा. गुंडा थांबला. ते त्याच्या स्वभावाबाहेरचं होतं, म्हणून नोंदवतो. केरबा आला नाही. पौष सरल्यावर कडेगावच्या बाळासो नावाच्या बिजवराशी तिचा पाट लागला. दोन पोरं पदरात, ऊस, दोन म्हशी. माणूस वाईट नव्हता.

अठ्ठ्याहत्तर साली मी टाकी लावत कडेगावला गेलो. हाक ऐकून ती बाहेर आली. वाळली होती. चहा दिला, जातं अंगणात आणून दिलं आणि मी काम करत असताना समोर बसून सांगायला लागली.

महिन्यापूर्वी बाळासोनं शेतात मेंढरं बसवली होती. खतासाठी बसवतात. माणकडचा कळप होता. धनगरांच्या भाकरी घेऊन ती बांधावर गेली तर पुढं केरबा. लग्न झालेलं, एक पोर. त्यानं आधी तिला ओळखलं नाही. ओळखल्यावर खुळ्यासारखा हसला.

"म्या इच्यारलं, का आला न्हाईस? तर म्हनतो, कशाला येनार हुतो? म्हनलं, हळद खरी हुती. तुला ठावं हुतं. तर माझ्याकडं बगाय लागला."

"त्याला ठाऊक नव्हतं?"

"म्हनला, लोकर पिंजून पिंजून नाक कवाच मेलंय माजं. मला कसलाच वास येत न्हाई. तू कायतरी बोललीस म्हनून हसलो. चुलता म्हनला, पोरीच्या बापानं उगंच कांगावा केला. मला खरं वाटलं."

मी छिन्नी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत मलाही वाटत होतं की त्याला कळलं होतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार? भाकरी दिली. दुसऱ्या दिशी मेंढरं पुढच्या शेताला गेली." तिनं चहाची कपबशी बाजूला सारली. "मामा, त्याला कळून बी त्यो आला न्हाई म्हनून चार वर्सं लय राग धरला म्या. सकाळी उठल्याबरूबर राग यायचा. त्याच रागावर ह्या घरात टिकले." मग तिनं जात्यातली दगडाची कच पदरानं झाडली. "आता त्यो राग बी न्हाई."