समोरच्या बोअरचं गोडं पाणी

"डाळ शिजली का, वहिनी?"

समोरच्या घरची ती ओट्यावरून रोज सकाळी हेच विचारायची. दुसऱ्या गावांत लोक चहा झाला का विचारतात. आमच्या वडवणीत डाळीची चौकशी करण्यात काही वावगं नाही, कारण इथलं पाणी जड. नळालाही बोअरचंच येतं. तोटीच्या तोंडाला पांढरे खवले धरतात, साबणाला फेस येत नाही आणि कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ दाताखाली येते. तुमच्याकडे असं पाणी असेल तर तुम्हाला हे सांगायला नको.

तिची डाळ मात्र शिजायची. म्हणून तो प्रश्न मला टोचायचा.

आमच्या दोघींच्या घरचे बोअर एकाच उन्हाळ्यात, बोअरच्या एकाच गाडीने घेतलेले. पाणी लागलं की आमच्या गल्लीत आधी डाळ लावतात, नारळ नंतर फोडतात. पहिल्या पाण्यात मूठभर तूर चुलीवर ठेवायची आणि बायांनी भोवती बसायचं. आमच्या अंगणात बाया बसून बसून कंटाळल्या. डाळ होती तशी टणक. एकजण उठता उठता म्हणाली, "पाणी लागलं हेच लई झालं, बाई." दुसऱ्या दिवशी समोर डाळ लावली, ती लोण्यासारखी विरघळली. बायांनी तिथंच वाटीवाटीने खाल्ली. मीही खाल्ली. चांगली लागली, हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

मधे फक्त रस्ता होता हो. तेवढ्यात जमिनीने पंक्तिभेद केला.

तिने कधी मिरवलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिला तेही जमायचं नाही. सकाळी मोटार सुरू करायची आणि नळी सरळ रस्त्यावर टाकून द्यायची. ज्याला लागेल त्याने भरावं. कुणी आभार मानायला लागलं की म्हणायची, "मी काय वरून पाडलं का? जमिनीचं हाय, न्या." गल्ली तिला देवमाणूस म्हणायची. मी घरातून तिची तोटी बघायची. पितळी, नव्यासारखी चमकणारी.

माझ्या सासूबाईंच्या तोंडात दात उरले नव्हते. वरण-भाताशिवाय काही चालत नव्हतं. म्हणून समोरची ती रोज तिच्या पाण्याने भरलेली एक पितळेची घागर आमच्या उंबऱ्यावर आणून ठेवायची. "आईंच्या वरणापुरतं." मी सासूबाईंना आत्या म्हणायची, ही आई म्हणायची. तेही मला खुपायचं. आत्या जेवताना म्हणायच्या, "तिच्या हाताला गुण हाय." मी मनात म्हणायची, हाताला नाही, बोअरला.

मग मी एक केलं. आत्यांचं वरण आमच्याच पाण्यात, खायचा सोडा घालून शिजवायला लागले. डाळ मऊ व्हायची. वाटलं, आता माझं नाव निघेल. आत्या बोटं चाटत म्हणाल्या, "आज लई नरम झालं. पाणीच तसलं हाय तिचं."

आणि घागरीतलं पाणी? त्याने मी केस धुवायची. आमच्या पाण्याने केसांचा काथ्या होतो. मी शाळेत शिकवते, तिथल्या बाया विचारायला लागल्या, कोणता शांपू वापरता. एकदा ती आत्यांजवळ बसून त्यांच्या ताटातलं दोन घास वरण-भात जेवली. उठताना माझ्याकडे बघून म्हणाली, "केस लई छान झालेत हो, वहिनी." मी खूश झाले. तिने सोडा जिभेवर ओळखला असेल, असं तेव्हा डोक्यातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी घागर उंबऱ्यावर होतीच, रोजच्यासारखी काठोकाठ.

मग आजूबाजूला खोल खोल बोअर झाले. एका सकाळी तिच्या तोटीवर मला पांढरा ठिपका दिसला. तिच्याआधी मला दिसला, कारण तिच्यापेक्षा जास्त मीच ती तोटी बघत होते. त्या दिवशी मी शाळेत फार चांगलं शिकवलं.

थोड्याच दिवसांत ती पातेलं घेऊन आमच्या दारात आली. आत डाळ, वर पाणी, दोन्ही वेगवेगळं. पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलली.

"वहिनी, जड पाण्यात तुमी सोडा किती घालता?"

"सोडा? मी नाही बाई घालत."

"न्हाई का," ती म्हणाली. "बरं बरं. मलाच वाटलं." आणि पातेलं पदराखाली झाकून रस्ता ओलांडून गेली. दारापुढून जाणाऱ्या बाईने तिला विचारलं, "काय ताई, कावून वहिनीकडं गेलता?" तर म्हणाली, "आईंना बघायला." आत्या आत जाग्याच होत्या. तिने त्यांना पाहिलंही नव्हतं.

पुढे तिचा मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. जायच्या दिवशी ती घागर घेऊन आली. "ही तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. निम्मं आयुष्य तुमच्याच उंबऱ्यावर गेलंय हिचं." पाणी जड झाल्यापासून तिने ती घागर भरली नव्हती. मी आत हात घातला. गुळगुळीत होती.

तर सांगते. रात्री डाळ भिजत घालायची, सकाळी चिमूटभर सोडा आणि चमचाभर तेल. एवढंच होतं. आता तिला सांगून उपयोग नाही. तिकडे नळाला धरणाचं पाणी येतं, डाळ आपोआप शिजते. हे ऐकलं तेव्हाही माझ्या मनात आधी आलं ते हेच, की गोडं पाणी पुन्हा तिच्याच वाट्याला गेलं.

आत्या अजून सकाळी उंबऱ्याकडे बघत विचारतात, "आली का गं ती?" मग मी आमचंच पाणी त्या घागरीत भरून त्यांना दिसेल अशी उंबऱ्यावर ठेवते. त्यांचं समाधान होतं. रविवारी घागर चिंचेने घासते. बाहेरून लखलखते. आतून तळापासून गळ्यापर्यंत पांढरी झाली आहे, तळापर्यंत माझा हात पोचत नाही.