हिरवट फळ्यांचा पाळणा

महाडच्या शाळेत माझे यजमान रसायनशास्त्र शिकवत. मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण उमरठला मोठ्या जाऊबाईंकडे करायचं ठरलं होतं. सातवा सरला तसे थोरले दीर, पाळणा महाडच्या सुताराकडून करून घ्यायचा म्हणून, फळ्या घेऊन आमच्याकडे आले.

"तारेचा जुना लाकडी खांब मोडीत निघाला व्हता, तो कापलाय," ते म्हणाले. "वाळवी शिवत नाय याला. नातवंडं झोपतील यात."

त्या दिवसांत मी जागेपणीही अर्धी झोपेत असे. दुपारी पडवीत ऊन तिरपं आलं की फळ्यांवर हिरवट झाक उमटे, नदीच्या तळाशी पडलेल्या लाकडासारखी. त्यांच्याकडे बघत मी पाळण्यातलं बाळ पाहायची. हसणारं, मग उताणं पडून पाय हलवणारं, मग पाळण्याचा काठ धरून चोखणारं. तिथे मात्र मी दचकले.

संध्याकाळी यजमानांना विचारलं, "वाळवीला जे सोसत नाही, ते बाळाला सोसेल?"

ते हसतील असं वाटलं होतं. ते उठून फळ्या निरखू लागले. दुसऱ्या दिवशी शाळेतून स्पिरिटचा दिवा आणि आम्लाची बाटली घेऊन आले. धूर माझ्याकडे येऊ नये म्हणून मला वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवलं आणि अंगणात एक बारीक ढलपी आम्लात भिजवून ज्योतीवर धरली. ज्योत हिरवी झाली. कातरवेळेला ती इतकी सुंदर दिसली, की मला भीती वाटायचं सुचलंच नाही.

"हे तांबं," ते म्हणाले. मग ढलप्या आम्लात उकळून त्यात तांब्याची घासलेली पट्टी सोडली. लखलखीत पट्टी हळूहळू काळवंडत गेली.

"सोमल असणार, म्हणजे आर्सेनिक. वाळवी मारायला मुरवलेला."

"खांब कापताना निघालेल्या बाकीच्या ढलप्या कुठायत?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच आठवलं. माझ्या बाजेखालच्या शेगडीसाठी जाऊबाईंनी त्या पोतं भरून राखून ठेवल्यात, असं दीर म्हणाले होते. त्या धगीवर, त्या धुरात मला आणि बाळाला शेकणार होते.

पहाटेच्या एस.टी.ने यजमान पोलादपूरला गेले, पुढे उमरठपर्यंत चालत. पोतं अजून शिवलेलंच होतं. दोघा भावांनी ते विहिरीपासून दूर माळावर खोल पुरलं.

दीर फळ्या न्यायला आले तेव्हा त्यांना माझ्याकडे बघवेना. "मी हौसेनं आणल्या गो," एवढंच म्हणाले.

"तुमच्या हौसेला कुठं विष होतं?" मी म्हटलं. तेव्हा ते जरा टेकले, चहा प्यायले. त्या फळ्यांचं काय करायचं हे यजमानांना विचारून त्यांनी त्याही माळावरच पुरल्या.

उमरठला मुलगी झाली. फणसाच्या लाकडाचा नवा पाळणा तयार व्हायला अवकाश होता, म्हणून ती जाऊबाईंच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत झोपायची. जाऊबाई शेगडीत खैराचे निखारे घालत आणि दर वेळी आधी मला दाखवत, "बघ गो, आपल्याच रानातलं हाय."