खाली ठेवलेली पेली

त्या शुक्रवारी मंडळीने शमुवेलसाठी उभं राहून प्रार्थना केली, आणि शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं तेव्हा माझं तोंड बंद होतं. कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारीच येतो. एकाच सभागृहात मल्याळी लोकांची उपासना संपली की आम्हा मराठी माणसांची पाळी, आणि आमचं शेवटचं गीत चालू असतानाच फिलिपिनो मंडळी गिटार घेऊन दारात उभी. एवढ्या घाईतही माझं गप्प राहणं बायकोच्या नजरेतून सुटलं नाही. सालमियाला घरी परतताना बसमध्ये ती म्हणाली, "गिऱ्हाइकाशी तास तास भांडायला तोंड आहे तुम्हाला. एका आमेनला नाही?"

तिला सगळं ठाऊक होतं, पण वाचणाऱ्यांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो. मी जालन्याकडचा. मिशनच्या शाळेत शिवण शिकलो, गाद्या शिवत शिवत कुवेतला आलो. आखाती युद्धानंतर इथली घरं नव्याने सजत होती, तेव्हा मी दिवाणियाच्या बैठका करू लागलो. दिवाणिया म्हणजे घरातली पुरुषांची बैठकीची खोली. भिंतीलगत चहूबाजूंनी गाद्या आणि लोड. संध्याकाळी तिथे गप्पा होतात, सोयरिकी जुळतात, वाद मिटतात. कोणाच्या पाठबळाशिवाय, घासाघीस करून मी माझं नाव केलं. शमुवेलला गावाहून मीच आणला. फोम कसा कापायचा, कोपऱ्यावर कापडाची नक्षी कशी जुळवायची, सगळं हाताला धरून शिकवलं. पुढे त्याने माझ्याच गल्लीत दुकान थाटलं. दुकानाचं मी सोसलं असतं. पण तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "काम उस्तादांच्याच हातचं, भाव तेवढा कमी." हे मला सोसलं नाही. उपासनेत एकमेकांना शांती देण्यासाठी हात मिळवायची वेळ आली, की मी चपला नीट लावायच्या निमित्ताने दाराकडे जायचो.

आता शमुवेलचा कफील वारला होता. इथे परदेशी माणसाचं दुकान आणि राहणं दोन्ही स्थानिक माणसाच्या नावावर चालतं. त्यालाच कफील म्हणतात. त्या कफीलच्या मुलांना बापाचा परवाना पुढे चालवायचा नव्हता. महिनाअखेरपर्यंत नवा कफील मिळाला नाही, तर शमुवेलला बायको आणि दहावीतली मुलगी घेऊन परत जावं लागणार होतं. मला वाटलं, देवाच्या घरी उशीर आहे, पण न्याय आहे.

त्याच आठवड्यात मला सलव्याहून अबू फहद नावाच्या कुवेती गृहस्थांचं बोलावणं आलं. रमजान तोंडावर होता आणि त्यांना सबंध दिवाणिया नव्याने करायची होती. माझं त्या हंगामातलं सर्वांत मोठं काम. दिवस मावळल्यावर मी कापडाचे नमुने घेऊन गेलो. वडीलधारी माणसं भिंतीलगत बसली होती. कॉफीवाल्याने माझ्या हातात बिनकानाची पेली दिली आणि भावाचं बोलणं सुरू झालं. अबू फहद माझ्यापेक्षा पक्के. त्यांनी असा आकडा सांगितला की माझ्या डोक्यात तिडीक गेली, आणि मी भरलेली पेली न पिता समोरच्या टेबलावर ठेवली.

सगळ्यांच्या नजरा त्या पेलीकडे वळल्या.

या लोकांची एक जुनी रीत आहे. पाहुण्याने कॉफी तोंडाला न लावता खाली ठेवली, की तो काही मागणं घेऊन आला आहे असं समजायचं. यजमान विचारतो, आणि चारचौघांत सहसा नाही म्हणत नाही. इतकी वर्षं या लोकांत वावरून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. रागात विसरलो. अबू फहद यांचा घासाघिशीचा सूर पार गेला. पुढे वाकून ते हळू म्हणाले, "बोल, काय हवं?"

मी धंदेवाला माणूस. पेच माझ्या लगेच ध्यानात आला. या घडीला मी जो भाव मागेन तो मिळणार. आकडा जिभेवर आला होता. मी तोंड उघडलं आणि माझ्या मोडक्या अरबीत म्हणालो, "माझ्या गावचा एक माणूस आहे. त्याला कफील हवा."

ते शब्द मी माझ्याच कानांनी ऐकले आणि दचकलो. ते कोणी वदवले, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. माझे ते नव्हते एवढं मला माहीत आहे.

"भाऊ आहे तुझा?"

नाही म्हणणं सोपं होतं. "माझ्या हाताखाली शिकलाय," मी म्हणालो.

"काम कसं करतो?"

इथे मी एक शब्द इकडचा तिकडे केला असता तरी त्याचं काम बिघडलं असतं. "माझ्यासारखंच," मी म्हणालो.

"मग कॉफी पी."

या रीतीत 'पी' म्हणजे झालं. मी पेली उचलली. कॉफी गार झाली होती, वेलदोड्याचा कडूसर वास तेवढा उरला होता. मी पिऊन संपवल्यावर अबू फहद हसले. "आता भावाचं बोलू. आणि दुसरी पेली खाली ठेवायची नाही!" सगळी बैठक हसली. त्यांनी त्यांचाच आकडा माझ्या गळ्यात मारला.

अबू फहद यांच्या मुलाच्या परवान्यावर शमुवेलची सोय झाली. कचेरीत खेपा घालाव्या लागल्या, पण इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, मिळाला. तो घरी आला, डोळे भरलेले. मी म्हणालो, "रडू नकोस. भाव पाडू नकोस, एवढं कर."

"बघतो, उस्ताद," तो म्हणाला. आतून बायको मोठ्याने हसली.

पुढच्या रमजानात त्याने माझ्या दोन दिवाणिया नेल्याच. माझा राग गेला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. अधूनमधून अजून वर येतो. पण शुक्रवारी मी दाराकडे जात नाही. हात पुढे करतो. जरा जोरात दाबतो, एवढंच.

पेलीच्या त्या प्रसंगाआधी मी प्रार्थनाही घासाघिशीसारखीच करायचो. मी एवढं करतो, प्रभू, तू एवढं दे. त्या संध्याकाळी मी काही मागायला गेलोच नव्हतो, माझ्याकडून पेली तेवढी खाली ठेवली गेली. आणि काम अजून कागदावरही आलेलं नसताना, नुसत्या शब्दावर ती प्यायलो. समर्पण म्हणतात ते हेच असावं. यापेक्षा जास्त मला कळत नाही, आणि जेवढं कळलं त्याबद्दल मी प्रभूचा आभारी आहे.

आता सकाळी दुकानात जाण्याआधी चहा समोर आला की मी कप खाली ठेवतो आणि आकडा न सांगता गप्प बसतो. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज येतो, "घ्या आता, गार झाला."

मी घेतो.