स्वयंपाकघरातला पॉइंट आणि आमची स्नेहल

मागच्या आठवड्यात आमच्या शहापूरच्या घरात मिक्सरवरून चांगलंच वाजलं... आईने चटणी वाटायला घेतली की अर्ध्या घराची लाईट जायची!

माझी बायको स्नेहल वायरमन आहे. आयटीआय केलेली, लायसन्स असलेली. दिवाळीत तिने आमच्या जुन्या बोर्डात हट्टाने आर्क फॉल्ट ब्रेकर बसवला. साधा एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्ट झालं की पडतो. हा मात्र वायरीत आतल्या आत स्पार्किंग होत असेल तरी पडतो. काही देशांत घरातल्या पॉइंटना तो सक्तीचा आहे, आपल्याकडे नाही. त्यामुळे "तुलाच कशाला पाहिजे?" हे तिने बरंच ऐकलं होतं...

त्या दिवशी आई वैतागलीच. "काढून टाक गो तो डबा! आधी काय आमी अंधारात राहात होतो?"

शेजारच्या काकांचंही तेच. मिक्सरच्या मोटारीमुळे ब्रेकर फसतो म्हणे... मलाही पटायला लागलं होतं.

स्नेहल चिडली नाही. "आई, उगाच नाय पडत तो. थांबा जरा." तिने तोच मिक्सर हॉलमधल्या, त्याच ब्रेकरवरच्या पॉइंटला लावला. मस्त चालला... म्हणजे मिक्सरही ठीक आणि ब्रेकरही ठीक.

मग तिने मेन बंद केला, टेस्टर लावून बघितला आणि स्वयंपाकघरातला पॉइंट उघडला. स्क्रू ढिला, वायर काळी पडलेली, प्लास्टिक वितळलेलं... आणि बरोबर खाली तांदळाच्या गोणी. दुपारी आई त्यांनाच टेकून डुलकी काढते.

स्नेहलने जळका तुकडा कापून नवीन पॉइंट बसवला. आईने तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. मग तिने मुरबाडला माझ्या मामाला फोन लावला.

"दादा, तुझ्या घरातल्या वायरी आमच्या सुनेला दाखव. दुसऱ्या कोनाला हात नको लावू देऊ!"

रविवारी एसटीने गेलो. मामाचं घर तपासून झालं, तोवर शेजारच्या दोघांनीही बोलावलं. आज आमचं घर शाबूत आहे ते हिच्या हट्टामुळे, हे मनात घोळतच होतं...

तेवढ्यात एका आजोबांनी मला विचारलं, "वायरमन तुमी का?"

"नाही आजोबा, वायरमन ती. मी शिडी धरायला आलोय."

हे सांगताना काय भारी वाटलं म्हणून सांगू!