मांडीवर आडवं वल्हं

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या हातातल्या वस्तू मसणात नेऊन ठेवतात. कोयता, काठी, पाणी प्यायचा तांब्या, जे तो रोज धरत होता ते. घरात ठेवलं तर तो त्यासाठी परत येतो आणि दारात घुटमळतो, असं आमची जुनी माणसं मानत आली. माझ्या मुलाचं सगळं नेऊन ठेवलं. टोपी नेली, मोबाईलसुद्धा नेला. एक वस्तू राहिली, त्याची होडी. ती मी नेऊ दिली नाही.

ही होडी आमच्या धरणावरच्या लाकडी होड्यांसारखी नाही. कयाक म्हणतात तिला. काकडीसारखी लांब, फायबरची, समुद्रात चालवायची. मध्ये एक भोक, त्यात पाय लांब करून बसायचं, कमरेभोवती रबराचं झाकण घट्ट लावायचं, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारायचं. मुलगा डहाणूकडे किनाऱ्यावर कामाला होता. पर्यटकांना अशा होड्यांतून फिरवायचा. पोहणं आणि वल्हवणं तो इथंच शिकला, धरणाच्या पाण्यात. पाडा इकडे, रान तिकडे, मध्ये पाणी. आमची पोरं चालायला लागली की वल्हवायलाही लागतात.

कामावरच्या मालकाने एक जुनी होडी टाकून दिली होती. मुलाने ती मागून घेतली, टेम्पोवर बांधून जव्हारवरून घरी आणली आणि अंगणात उतरवून बोलला, "बा, हिला शेपटी करून दे."

शेपटी म्हणजे मागच्या बाजूला पोटाखालची फळी. दोरी ओढली की वर जाते, सोडली की खाली. वारा आडवा लागला की अशी होडी आपोआप तोंड वाऱ्याकडे वळवते, कितीही वल्हं मारा. फळी खाली असली की ती सरळ चालते. तिची फळी तुटली होती. मी दुसरीपर्यंत शिकलोय, पण लाकूड मला कळतं, हे सांगायला मला लाज नाही. धरणात घर गेलं तेव्हा आढ्याचं सागवान मी खांद्यावरून वर आणलं होतं. त्यातला तुकडा काढला, तासला, तेल पाजलं. जव्हारच्या एका भांडी घडवणाऱ्या चाचाकडून पितळेची खीळ करून घेतली. फळी अशी बसली की बोटाने हलवली तरी आवाज नाही. मुलगा हसला. "बा, कंपनीचीसुद्धा अशी नसते," बोलला आणि होडी घेऊन गेला.

पर्यटकांना बसवायच्या आधी वाऱ्यात होडी कशी चालते ते बघायला तो एका सकाळी एकटाच समुद्रात गेला. वारा जमिनीकडून समुद्रात जाणारा होता. पुढे वारा फिरल्यावर रिकामी होडी कुठल्या तरी गावाच्या किनाऱ्याला लागली, सरळ, फळी खाली, वल्हं दोरीला तसंच बांधलेलं, कुठे चीर नाही. तो नंतर मिळाला.

आम्ही त्याला आणायला गेलो तेव्हा मालक चार माणसांसमोर बोलला, "घरी लाकडाची फळी ठोकून घेतली होती. समुद्रात असलं चालत नाही." तिथे एक मच्छीमार होता. त्याने सांगितलं, "मी बघितलं होतं त्याला. वल्हं मांडीवर आडवं ठेवून शांत बसला होता. मी हात केला, त्यानेही केला. मला वाटलं, आराम करतोय." मला राग आला. वाऱ्यात कोण आराम करतं? वाचवलं नाही म्हणून आता काहीही सांगतोय, असं मनात आलं.

घरी सगळे विधी झाले. पाहुणे गेले. बायको चुलीजवळ बसली होती, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुझी फळी बरी होती का?"

एवढंच. परत कधी विचारलं नाही. पण त्यानंतर ती मला भाकर वाढायची तेव्हा ताट जमिनीवर ठेवून हात लगेच मागे घ्यायची.

गावातले बोलत होते, होडी मसणात ने. तीही बोलली, "त्याला कशाला ताटकळत ठेवतोस?" मी बोललो, नेईन, आधी बघेन. काय बघशील, तिने विचारलं. कशी चालते ते बघेन. फळी खोटी निघाली तर हिला इथंच अंगणात कुऱ्हाडीने फोडीन, आणि मग तू मला जे बोलायचं ते बोल.

उन्हाळ्यात दुपारनंतर आमच्याकडे खालून, पश्चिमेकडून वारा चढतो. धरणाचं पाणी तेव्हा खाली गेलेलं असतं, जुन्या शेतांचे बांध आणि आंब्यांचे बुंधे वर येतात, तरी मधलं पाणी मोठं आहे आणि त्यावर चांगल्या लाटा उठतात. त्याच वाऱ्याची मी वाट बघितली. मेव्हणा त्याची होडी घेऊन सोबत आला. मी नको बोललो होतो.

"बहिणीने पाठवलंय," तो बोलला. "एक पाण्यात गेला, दुसरा गेला तर मला घरात घेणार नाही ती."

कयाकच्या भोकात शिरताना माझे गुडघे अडकले. मेव्हणा काठावर बसून बघत होता. "भावोजी, आत शिरलात खरं. बाहेर काढायला सुरुंग लावू का?"

"ढकल," मी बोललो.

ती पाण्यात आली आणि लगेच डुलायला लागली. आमच्या होडीत माणूस होडीवर बसतो. ही माणसाने अंगात घातल्यासारखी असते. कमरेने जरा कललं तरी ती कलते. पहिल्यांदा वाटलं, ही आता उलटणार. मग कळलं, आपण ताठ झालो की ती घाबरवते, सैल बसलो की लाट खालून निघून जाते. मांड्या आतून टेकवून ठेवायच्या, बस.

आधी फळी वर ठेवूनच मध्ये गेलो. वारा डाव्या अंगाला घेतला. चार वल्ही मारली नाहीत तोवर तोंड वाऱ्याकडे फिरलं. परत सरळ केली, परत फिरली. एकाच बाजूने मारून मारून दंड भरून आले. मुलाने सांगितलं होतं तसंच.

मग दोरी सोडली. फळी खाली गेल्याचं मला कमरेखाली कळलं. होडी सरळ झाली. समोरच्या डोंगरावरचं एक झाड नजरेत धरलं आणि वल्हवत गेलो, झाड हललं नाही. वारा तोच, लाटा त्याच. फळी न थरथरता चालत होती. मी फिरवून पाठीवर लाट घेतली. मागून लाट आली की होडी पुढे पळते आणि मग आडवी व्हायला बघते, तिथेच माणूस उलटतो. फळी तिला आडवी होऊ देत नव्हती. मी मुद्दाम कललो, मुद्दाम वल्हं उचलून धरलं, मुद्दाम लाटांच्या मधोमध थांबलो. जे जे वाईट करता येईल ते सगळं तिच्याशी केलं. ती काही चुकली नाही.

मेव्हणा लांबून ओरडला, "काय म्हणते?"

मला बरं वाटायला पाहिजे होतं. माझं लाकूड खरं होतं, मालक खोटा होता. पण मला तर होडी फोडायची होती. ती चांगली निघाली, आता कुऱ्हाड कुणावर टाकू?

परत यायला निघालो तेव्हा वारा वाढला होता आणि माझ्या हातात काही राहिलं नव्हतं. वय झालंय, कबूल करावं लागतं. दोन-चार वल्ही मारली, खांदा दुखला. मग मी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि बसलो.

ते मी ठरवून केलं नाही, हाताने केलं. आमच्यात सगळे असंच करतात. माझे आजोबा नदीत करायचे, मी करतो, मेव्हणा करतो, पाड्यावरच्या बायका लाकडाचे भारे आणताना करतात. वारा फार सुटला, अंगात जोर राहिला नाही, तर त्याच्याशी भांडायचं नाही. वल्हं मांडीवर ठेवायचं, होडी त्याच्या हवाली करायची आणि दम राखून बसायचं. वारा कुठल्या तरी काठाला नेऊन घालतोच. या काठाला नाही तर त्या काठाला. मग चालत घरी यायचं. आमच्या पाण्याला चारी बाजूंनी काठ आहे. आमच्याकडे असं बसून कुणी मेलेला नाही.

मग मला तो मच्छीमार आठवला. खोटं बोलत नव्हता तो.

मुलगा घाबरला नव्हता. मच्छीमाराने बघितलं तेव्हा होडी उलटली नव्हती, फळी मोडली नव्हती. तो दमला, त्याने वल्हं मांडीवर ठेवलं आणि काठाची वाट बघत बसला. कुणी हात केला तर त्यानेही केला. मदत कशाला मागेल? वारा नेतोय ना काठाला. त्या वाऱ्यापुढे काठच नव्हता हे त्याला कधी कळलं असेल, आणि मग तो होडीबाहेर कसा पडला असेल, ते मी तिथे बसून किती विचार केला तरी मला सुचलं नाही. अजून सुचत नाही.

मला मात्र वाऱ्याने काठाला आणलं. हळूहळू, एका जुन्या बांधावर होडी घासली आणि थांबली. बायको पाण्याच्या हंड्यासाठी खाली आली होती, का माझ्यासाठी, मी विचारलं नाही. मेव्हण्याने मला काखेत धरून उपसलं.

ती जवळ आली. "फळी?"

"बरी होती."

"मग त्याचं काय चुकलं?"

"काय नाय चुकलं. दमला, तर आपण बसतो तसा बसला. वल्हं मांडीवर ठेवून."

तिला लगेच कळलं. ती याच पाण्यावरची आहे. ती चिखलात खाली बसली आणि होडीच्या पाठीवर हात ठेवून राहिली. मग पहिल्यांदाच तिने आवाज काढून रडायला सुरुवात केली. तोवर रडली नव्हती. मी तिच्या शेजारी बसलो. माझी फळी खरी निघाली होती, आणि त्याने आम्हां दोघांचं काही भलं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी होडी उचलून मसणात नेली. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे त्याचा कोयता ठेवला होता तिथे. मी फळी वर ओढून दोरी बांधली. वल्हं भोकावर आडवं ठेवलं आणि मागे सरलो.

"आडवं नको ठेवू," बायको बोलली.

तिने ते उचललं, भोकात उभं रोवलं, पातं पुढच्या बाजूला करून, मारायला घेतल्यासारखं. दगड लावून घट्ट केलं. हलवून बघितलं. मग आम्ही घरी आलो.