लिंबाभोवतीचं घर

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि पुसेगावातून घरांचे नकाशे काढायला शिकलेलीही मीच. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पण हिंगोलीच्या ऑफिसात दिवसभर जे काढते, ते सांगायचं जिवावर येतं. गिऱ्हाइकांचं एकच, इंचभर जागा सोडू नका, झाड काढून टाका, पाला पडतो. मी शिकले ते वेगळं होतं. घरात ऊन यावं, वारा फिरावा, बसल्या जागी झाड दिसावं. ते सांगितलं की ऐकून घेतात आणि म्हणतात, "ते बराबर हे मॅडम, पण स्लॅबचं बगा."

म्हणून आईवडलांचं पत्र्याचं घर पाडून नवं बांधायचं निघालं, तेव्हा हे एक तरी मनासारखं करायचं ठरवलं. अंगणातला जुना कडुलिंब मधे, भोवती खोल्या, आणि झाडापुरता चौक वरून उघडा. आई माझ्या भाड्याच्या खोलीवर आली की दुसऱ्या दिवशीच परत निघायची, जीव कोंडतो म्हणायची. चौक तिच्यासाठीच होता.

स्लॅबच्या दिवशी जीपनं पोचले तर नारळ फुटलेला, मिक्सर चालू, आणि लिंब नव्हता. फांद्या कुंपणाशी रचलेल्या. चौकावरही सळई बांधून झालेली, काँक्रीटचा माल तिथवर यायला चार हात बाकी.

मी मिस्त्रीवर तापले.

"आमच्यावर काहून तापता? मावशीनं सांगितलं. आमाला वाटलं, तुमाला माहीत हे."

आई जेवणासाठी वांगी चिरत होती. "व्हय, मीच सांगितलं."

"आई, चौक तुझ्यासाठी ठेवला होता गं."

"बाई, उभा जल्म उघड्यावर गेला माझा. वावरात ऊन, घरात पत्र्यातून पाणी. तू पंख्याखाली शिकलीस, तुला आभाळ पाहावं वाटतं. मला डोक्यावर सगळं झाकलेलं पाहिजे."

"आणि जीव कोंडतो म्हणतीस ते?"

"ती लोकाची खोली व्हती. अन् पाला रोज कोण झाडतं? तू येतीस का?"

मी वडलांकडं वळले. ते हळूच म्हणाले, "मला इचारलं न्हाई कुणी. नुसती कुऱ्हाड हातात दिली."

वरून मिस्त्रीचा आवाज आला. "मॅडम, माल सुकून राहिला. टाकू का थांबू?"

चौकावरची सळई कापून तो उघडा ठेवायला अर्धा तास पुरला असता. मी आईकडं पाहिलं. वर चाललेल्या घमेल्यांकडं ती बघत होती. माझा पदवीचा निकाल लागला त्या दिवशी माझ्याकडं अशीच बघत होती.

"टाका," मी म्हणाले.

संध्याकाळी मजूर आणि भावकी जेवायला बसली. चुलती म्हणाली, "पोरीनं नकाशा बाकी झ्याक काढला." आई तिला आग्रहानं शिरा वाढत होती. चौक झाकला गेल्यावर तो नकाशा माझा उरला नव्हता. मी ताट घेतलं आणि पंगतीत बसले.